चिबडातली जागा

गिरजे, मरायचंच होतं तर वैशाखात मरायचं. भादव्यात मेलीस. नदी दोनदा वावरात येऊन गेलेली, खालच्या पट्टीत बेडूक ओरडून राहिलेले, बांधावरून पाय घसरला तर गुडघ्यापर्यंत आत. अशात तू सकाळी चहा प्यालीस, कप बाजूला ठेवलास आणि भिंतीला टेकलीस ती टेकलीसच. मी चुलीपुढून ओरडले, "गिरजे, कप विसळ की." तू ऐकलं नाहीस. तू माझं कधी ऐकलंस म्हणून त्याच वेळी ऐकणार होतीस?

सुनंदा म्हणाली, "मोठीमाय, आईवर तुमी लिहा. आपण तिच्या आठवणींच्या पुस्तिकेत छापू." तुझी लेक लातूरला शाळेत शिकवते, तिला छापायची हौस. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली बाई, मला गोड लिहिता येत नाही. ती म्हणाली, जसं येतं तसं लिहा. म्हणून लिहिते आहे. मायेची सावली हरपली वगैरे दुसऱ्या कोणी लिहावं. तू कुणाची सावली नव्हतीस. तू माझी धाकटी जाऊ होतीस, एका चुलीवर माझ्याबरोबर म्हातारी झालेली, आणि तुझ्याइतकी जिद्दी बाई मी मन्याड नदीच्या दोन्ही काठांना पाहिली नाही. मला तुझा राग आलेला आहे. तो आधी लिहिते, मग दुसरं काही उरलं तर बघू.

खालची पट्टी काय आहे हे तुला सांगायची गरज नाही, पण पुस्तिका वाचणाऱ्यांना कळलं पाहिजे. आपल्या जमिनीचे दोन तुकडे. वरचा माळाकडं, मुरमाड, पाऊस पडला की घटकाभरात पाय कोरडे. खालचा नदीला लागून. पुरानं पिढ्यान्‌पिढ्या आणून टाकलेली काळी माती, बघणाऱ्याला वाटतं सोनं. पेरणाऱ्याला विचारा. ओली असली की पायाला, वखराच्या फाशीला, बैलाच्या खुराला चिकटते, सोडत नाही. वाळली की दगड, आणि भेगा अशा की हात घातला तर कोपरापर्यंत जातो. मातीत हरभऱ्याएवढे पांढरे खडे पसरलेले, आणि कमरेइतकं खोल गेलं की चुन्याचा पांढरा थर. पहार मारली की टण्ण वाजतो. पाणी साचलं की हलत नाही. वापसा येईपर्यंत, म्हणजे माती पेरण्याजोगी सुकेपर्यंत, पेरणीचे दिवस निघून जातात. अशा जमिनीला आम्ही चिबड म्हणतो. तिथं लव्हाळा तेवढा जोमानं येतो. कुणी लावत नाही, कुणी खत घालत नाही, तरी येतो.

तू रेणापूरकडची. तुमच्या माळाची माती हातात धरली तर बोटांतून गळते. लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा खालच्या पट्टीत उतरलीस आणि तिथंच उभी राहिलीस. मला म्हणालीस, "अक्का, ही जमीन हाय का डिंक?" मी हसले. सासू हसली नाही. तिनं तुला दिवसभर तिथंच निंदायला लावलं. संध्याकाळी तू पाय धुवायला बसलीस तर माती धुता धुता अंधार पडला आणि तू रडलीस. मी तांब्या घेऊन तुझ्या पायावर पाणी ओतत होते. तू रडतच म्हणालीस, "माझ्या माहेरी पाय धुवायला येक तांब्या पुरतो." मी म्हटलं, "मग माहेरालाच ऱ्हायचं व्हतं." आपली पहिली ओळख ही.

दुसऱ्या वर्षी तू माहेराहून भुईमुगाचं बी आणलंस. पदरात बांधून, एस्टीत मांडीवर ठेवून. मी सांगितलं, इथं भुईमूग येत नाही, चुना खातो त्याला. तू म्हणालीस, "चुना कसा खातो? तोंड हाय का त्याला?" पेरलास. पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, जाळी काढल्यासारखी. तू म्हणालीस कुणाची तरी नजर लागली. माझ्याकडं बघून म्हणालीस. उपटायला गेलो तर झाड हातात आणि शेंगा जमिनीतच, माती त्यांना सोडायला तयार नाही. तू खुरप्यानं एकेक शेंग उकरून काढलीस. टोपलीच्या तळालाही पुरल्या नाहीत. त्या भाजून तू आधी माझ्या पोराला, बसवंताला दिल्यास. मला दिल्या नाहीत. हेही लिहून ठेवते.

तुझा नवरा शिवलिंग, माझा धाकटा दीर, तापानं गेला तेव्हा सुनंदा रांगत होती. वैशाख होता. आपल्या लिंगायतांत जाळत नाहीत, पुरतात. खड्डा खणायचा, त्याच्या एका भिंतीत कोनाडा कोरायचा, त्याला आपण गवी म्हणतो, आणि माणसाला मांडी घालून त्यात बसवायचं. आपल्या घरातली माणसं आपल्याच वावरात बसतात. त्या वर्षी वरच्या तुकड्यात ऊस होता. खालची पट्टी मोकळी, वाळून खडखडीत, भेगाळलेली. पुरुष मंडळी म्हणाली, इथंच चांगली जागा आहे, नदी समोर दिसते. कुणाच्या डोक्यात आलं नाही की वैशाखातली चिबड जमीन खोटं बोलते. माझ्याही आलं नाही, मी नवी नवरी थोडीच होते, पण त्या वेळी कुणाला डोकं होतं? तिथं शिवलिंगला बसवलं. वर दगडमातीचा ओटा बांधला.

भादव्यात तो ओटा एका बाजूला कलला. ती माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, तिच्यावर बांधलेलं काही सरळ राहत नाही. तू घमेलं घेऊन गेलीस, ओटा नीट केलास. पुढच्या वर्षी परत कलला. परत नीट केलास. असं तू मरेपर्यंत करत आलीस, गिरजे. मी बांधावरून बघायची. एकदा म्हटलं, "आगं, ऱ्हाऊ दे वाकडा. त्याला आत काय कळून राह्यलंय?" तू आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस. भाकरी थापून माझ्यापुढं सरकवायचीस, तोंडानं शब्द नाही. मला ते आठ दिवस जड गेले, पण माफी मी मागितली नाही. आत्ताही मागत नाही. वाकडा ओटा वाकडाच असतो.

खरं भांडण वेगळंच होतं. मालक, म्हणजे माझा नवरा, तुझा थोरला दीर, गेले, त्यांना वरच्या तुकड्यात बसवलं, आणि शेत आपल्या दोघींवर आलं. माझं म्हणणं असं की खालच्या पट्टीतलं पाणी वरून पडलेलं नाही, ते नदीतून जमिनीच्या आतून येतं. नदी फुगली की आपल्या पट्टीच्या पोटात पाणी चढतं. म्हणून कडेनं खोल चर काढायचा, नाल्याला सोडायचा, पाण्याला बाहेर जायला वाट द्यायची. तुझं म्हणणं वेगळं. "अक्का, पाणी वरचंच हाय. खालचा चुन्याचा थर त्याला जिरू देत न्हाई. थर फोडा, पाणी आपल्या पायानं खाली जाईल." एका उन्हाळ्यात तू स्वतः पहार घेऊन थराला भोकं पाडत सुटलीस. डोक्याला ओला टावेल गुंडाळून, एकटी. हाताला फोड आले. त्या वर्षी तिथं तूर लावली, तीही मेली. मी म्हटलं, "बघितलं का?" तू म्हणालीस, "भोकं कमी पडली."

असली बाई. तिला काय सांगणार?

आपल्या विहिरीतसुद्धा तोच चुना. तुरीची डाळ दोन तास शिजवा, दाणा अख्खाच. भांड्याच्या बुडाला पांढरं पुट. तू नदीचं पाणी आणून डाळ शिजवायचीस आणि मला चव घ्यायला लावायचीस. "हाय का न्हाई लोण्यावानी?" होती. लोण्यासारखी होती. सुनंदा शाळेत असताना लिंबू घेऊन वावरात आली होती, मातीच्या ढेकळावर पिळलं, माती फसफसली. तू टाळी वाजवलीस. "बघा अक्का, चुनाच चोर हाय. मी म्हणलं नव्हतं?" मी म्हटलं चुना आहे हे मी कधी नाकारलं? तो भांड्यात आहे, विहिरीत आहे, तुझ्या डोक्यात आहे. पण पाणी नदीचं आहे. बाजाराला नायगावला जाताना, येताना, भाकरी करताना, आजारी पडल्यावर, बरं झाल्यावर आपण हेच भांडलो. माणसं देवाधर्माचं बोलतात, आपण दोघी चिखलाचं बोललो.

चर का नाही निघाला हेही सांगते. उतार एकाच बाजूनं आहे, आणि चराची वाट शिवलिंगच्या ओट्याला चिकटून जाते. मी म्हटलं, त्याच्या शेजारून काढू, त्याला धक्का लावायचा नाही. तू माझ्याकडं असं बघितलंस, जसं काही मी तुझ्या नवऱ्याला दुसऱ्यांदा मारते आहे.

"शेजारून म्हंजे कुठून, अक्का? शेजारी माझी जागा हाय."

"तू अजून जिवंत हायस, गिरजे."

"मग काय झालं? जागा तर माझी हाय का न्हाई?"

एकदा मी म्हटलं, चर नको तर नको, माझ्या माहेरी धर्माबादकडं असल्या पाणथळ रानात साळ लावतात, आपणही लावू, भात तरी खाऊ. तू म्हणालीस, "म्हंजे त्यांच्या ओट्याभवती पाणी भरून ठेवायचं? तुमच्या मालकाच्या भवती ठेवा की." म्हणजे चर नाही, साळ नाही, काही नाही. तुझा नवरा आणि तू, तुमच्या दोघांच्या जागेसाठी ती आख्खी पट्टी वर्षानुवर्षं लव्हाळ्याला दिली. बसवंतानं एकदा चिडून ट्रॅक्टर घातला, तो रुतला, दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून काढावा लागला. तू बांधावर उभी राहून हसत होतीस. "काकूला इचारलं असतंस तर काकूनं सांगितलं असतं, बाबा." माझा पोरगा आहे तो, तरी मलाही हसू आलं. तेही मी तुला दिसू दिलं नाही.

आणि एवढं सगळं करून तू भादव्यात मेलीस.

दुपारपर्यंत सुनंदा लातूरहून आली. स्वामी आले. तुला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, कपाळाला विभूती लावली, गळ्यात लिंग होतंच. खुर्चीसारख्या मखरात बसवलं, फुलांच्या माळा घातल्या. बसलेलं माणूस मेल्यासारखं दिसत नाही, हे आपल्यातलं वाईट. तू मान जरा कलती करून बसली होतीस, माझं काहीतरी ऐकायची वेळ आल्यावर बसायचीस तशी.

खालच्या पट्टीत नेलं. जागेचा प्रश्नच नव्हता, सगळ्या गावाला तुझी जागा ठाऊक. बसवंत आणि मारोती खणायला लागले. मारोती गावातल्या सगळ्यांचे खड्डे खणतो. हातभर खाली गेले आणि माती चकाकायला लागली, कापलेल्या खरवसासारखी, गुळगुळीत काप, एकावर एक घसरणारे. मारोती म्हणाला, "माय, ही भिंत उभी ऱ्हात न्हाई." एक बाजू नीट करावी तर दुसरी पडायची. तुला तिथं बांधावर मखरात ठेवलेलं, उन्हाकडं पाठ करून, आणि तू सगळं बघत होतीस.

कमरेपर्यंत गेल्यावर पहार टण्ण वाजली. चुन्याचा थर. खड्ड्यात पाणी होतं, पण घोट्याएवढंच, वरून झिरपलेलं. मी काठावर उभी होते. बसवंतानं पहार उचलली आणि मारली, परत मारली, थर फुटला. पांढरी ढलपी वर आली, आणि तिच्या खालून पाणी वर यायला लागलं. गिरजे, खालून. उकळी फुटावी तसं, संथ, गढूळ, बुडबुड्यांसकट. घोट्याचं पाणी पिंढरीला आलं, पिंढरीचं गुडघ्याला. वर पाऊस नाही, कडेचं पाणी नाही. नदीचं पाणी, जमिनीच्या पोटातून.

मी जिंकले होते. आख्खा जन्म तुझ्याशी भांडून मी जिंकले होते, आणि मी वळून तुझ्याकडं बघितलं आणि म्हटलं, "बघ!" मोठ्यानं म्हटलं. सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. तू मान कलती करून बसलेली. तुझ्या गळ्यातल्या माळेवर माशी बसली होती, ती मी हाकलली. मला इतका संताप आला की मला वाटलं तुला खांद्याला धरून हलवावं. आज तरी कबूल कर ना. आजच्या दिवस तरी. तू असतीस तर काय म्हणाली असतीस तेही मला ठाऊक आहे. "अक्का, वरचंच पाणी खाली जाऊन वर आलं, थर आधीच फोडला असता तर गेलं असतं." म्हणाली असतीस. पण म्हणायला तू नव्हतीस, आणि जिंकण्यात काही राम नव्हता.

घमेल्यानं उपसा सुरू केला. जेवढं काढावं तेवढं वर. बसवंतानं भिंतीत गवी कोरायला हात घातला तर आख्खी भिंत त्याच्या पायावर आली. स्वामी म्हणाले, "बाई, गवी थांबत न्हाई. जागा घरच्यांनी सांगायची, दिवस मावळायच्या आत." कुणीतरी म्हणालं, इंजिन आणा, पाणी उपसा. सुनंदा म्हणाली, "आणा इंजिन. कायबी करा. आई इथंच बसंल."

मी म्हटलं, "न्हाई बसणार."

"मोठीमाय, आईनं माझा हात धरून सांगितलंय."

"मलाबी सांगितलंय. हात धरून न्हाई, बोट दाखवून. जन्मभर सांगून राह्यली व्हती."

"मग?"

"मग ती गेली. आता मी सांगते."

सुनंदा लाल झाली. तुझीच लेक. मला म्हणाली, "तुमाला पहिल्यापासूनच आई इथं नको व्हती. चर काढायचा म्हणून. आता तरी तिला तिच्या जागी बसू द्या." सगळ्या गावापुढं म्हणाली. मला वाईट वाटलं नाही. खरं होतं त्यातलं अर्धं. मी तिला म्हटलं, "उतर खाली."

"काय?"

"खड्ड्यात उतर. तुझी माय जिथं बसणार तिथं आधी तू उभी ऱ्हा. मग सांग मला."

लोक नको नको म्हणाले. सुनंदा पण तुझीच, तिनं लुगडं खोचलं आणि उतरली. पाणी गुडघ्याच्या वर आलं. ती तिथं उभी राहिली, ओठ दाबून, माझ्याकडं बघत. मग तिनं एक पाय उचलायला बघितलं तर तो निघेना. दुसरा उचलायला गेली तर पहिला आणखी आत गेला. खालची फुटलेली ढलपी तिच्या पायाला लागली असणार, रक्त पाण्यावर आलं. मारोतीनं आणि बसवंतानं दोन्ही काखेत हात घालून तिला ओढून काढलं. ती बांधावर तुझ्या पायाशी बसली, तुझ्या लुगड्याच्या काठाला चिखल लागला. ती तो पुसत राहिली. पुसून पुसून आणखी पसरवला. मग खाली मान घालून म्हणाली, "कुठं मग?"

मी म्हटलं, "वर."

बसवंत बापाला दादा म्हणायचा. त्याला लगेच कळलं. "माय, वर तर राखलेली येकच जागा हाय. दादाच्या बाजूची. ती तुझी हाय."

"हाव. माझी हाय म्हणूनच देऊन राह्यले. दुसऱ्याची देता येती का?"

मागं उभे असलेले नामदेवराव, मालकांचे जुने दोस्त, खाकरून म्हणाले, "पण वहिनी, थोरल्या दिराशेजारी? गिरजाबाईनं तर जन्मभर त्यांच्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू दिला न्हाई."

मी म्हटलं, "तेच बरं हाय. दोघांनी येकमेकाला कधी तोंड दावलं न्हाई. आता काय भांडायचेत ते?" दोन-तीन म्हातारे हसले. सुनंदासुद्धा, नाकातून, रडता रडता. तू असतीस तर पदर तोंडात घालून हसली असतीस, आणि घरी आल्यावर मला शिव्या दिल्या असत्यास.

वरच्या तुकड्यात मुरूम लागला. कोरडा, तांबडा, पहार मारली की खरखर सुटणारा. तुझ्या माहेरासारखा. भिंत कोरली ती सुरीनं कापल्यासारखी उभी राहिली. त्यात तुला बसवलं, बेल, विभूती, आणि स्वामींनी जे म्हणायचं ते म्हटलं. मी शेवटची मूठ टाकली तेव्हा माती बोटांतून गळून गेली, हाताला काही राहिलं नाही. दिवस मावळायच्या आत झालं सगळं.

आता ऐक. तू मला फार हैराण केलंस. हे मी कुणाला सांगत नव्हते, कारण सांगितलं तर लोक म्हणणार जावा-जावांचं ठरलेलंच असतं. तसं नव्हतं. मालक गेले तेव्हा मी अंथरुणावरून उठत नव्हते, तेव्हा तू सकाळी येऊन म्हणालीस, "उठा अक्का, म्हशीला तुमचाच हात लागतो, माझ्या हातानं दूध सोडत न्हाई." खोटं होतं ते. म्हैस तुझ्याच हाताची होती. मी उठले. माझा पाय मोडला तेव्हा मला पाठीवर घेऊन तू परसाकडं नेलंस, आणि नेता नेता चराच्या विषयावर भांडलीस. उपकार करताना बोलायचं नाही, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. मला ते बरं वाटायचं. नुसते उपकार करणारी माणसं मला सहन होत नाहीत.

पण राग जात नाही. चर आता निघणार आहे. तुझे दिवस झाल्यावर सुनंदा माझ्याजवळ बसली, पायाला पट्टी बांधलेली, म्हणाली, "मोठीमाय, दिवाळीनंतर पाणी उतरलं की चर काढा. बाबांच्या शेजारून काढा. आता तिथं कुणी बसायचं न्हाई." एका वाक्यात. जे मी तुझ्याकडून जन्मभर मागितलं, ते तुझ्या लेकीनं एका वाक्यात दिलं. मला आनंद झाला असेल असं वाटतंय तुला? मी उठून चुलीपुढं गेले आणि उगाच जाळ घालत बसले. तू मेल्याशिवाय हे होणार नव्हतं का, गिरजे? तू हो म्हणाली असतीस तर तिथं हरभरा आला असता, करडई आली असती, तू बांधावर बसून घाटे सोलले असतेस. तुझ्या जागेला मी हातही लावणार नव्हते. तू मला कधी एवढं विचारलं नाहीस की अक्का, चर किती हात लांबून नेता येईल? मीही सांगितलं नाही. तू नाही म्हटलंस की मी चिडायची, मी चिडले की तू नाही म्हणायचीस. पट्टी भिजत राहिली.

शिवलिंग एकटा राहिला खाली. त्याचा मला राग नाही, बिचारा तापानं गेला. त्याचा ओटा आता बसवंत बघेल. चराचं पाणी वाहायला लागलं की तो कदाचित सरळही राहील. तुला बघायला मिळालं असतं.

काल बसवंत विचारत होता. घुटमळत होता, मला कळलं काय विचारायचं ते. म्हटलं, "बोल की बाबा. मरायचंच इचारून राह्यलायस ना?"

"माय, तुझी जागा तर दिलीस. दादाच्या दुसऱ्या अंगाला बांध हाय. मग तुला कुठं?"

मी म्हटलं, "काकूच्या पलीकडं. तिथं एका माणसापुरता मुरूम हाय, मी बघून आलेय."

"पण मग दादा तिकडं आन तू इकडं, मधी काकू. लोकं काय म्हणतील?"

म्हणू देत, गिरजे. लोकांना काय, ते एक दिवस येतात आणि जेवून जातात. मालकाशी माझं बोलायचं फार काही उरलेलं नाही, तो होता तेव्हाही कमीच बोलायचा. तुझ्याशी मात्र भांडण अर्धं राहिलंय. जागा मी आखून घेतली आहे, चारी कोपऱ्यांना दगड लावलेत. सरकून बस.